नवी बनवलेली जुनी जीप घेताय? इंजिन सगळ्यात शेवटी बघा

"भाऊ, एकदम ओरिजिनल विलीज. आत्ताच बनवून घेतलीय. इंजिन सीआरडीई." असा मेसेज आणि खाली सहा फोटो. महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मला असं काही फॉरवर्ड करतं आणि विचारतं, घेऊ का? खरी विलीज एमबी बनली 1941 ते 1945 या काळात, दुसऱ्या महायुद्धासाठी. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल, ते आपल्याकडे आलं या शतकात. त्यामुळे मेसेजमधली गाडी ओरिजिनल नाही एवढं फोटो न उघडताच कळतं. फोटो उघडला की मात्र पंचाईत होते. ऑलिव्ह हिरवा रंग, बोनेटवर पांढरा तारा, कुशीला अडकवलेलं फावडं. बारा वर्षं घरात एमएम 540 ही महिंद्राची जुनी जीप असूनही माझा जीव दर वेळी खालीवर होतो.

नवखा माणूस अशी गाडी बघायला गेला की पहिल्यांदा बोनेट उघडायला सांगतो, मग रेस करून आवाज ऐकतो आणि तिथेच विकला जातो. मी सांगतो तो क्रम उलटा आहे: आधी कागद, मग चेसिस, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग अ‍ॅक्सल आणि फोर बाय फोर, मग पत्रा. इंजिन सगळ्यात शेवटी.

आधी वाट ठरवा

जुन्या रूपाची आणि नव्या इंजिनाची गाडी आपल्याकडे तीन वाटांनी मिळते.

पहिली वाट कंपनीची. महिंद्रा 1947 पासून विलीजच्या जीपशी जोडलेली आहे. पुढे सीजे-3बी ही उंच बोनेटची जीप इथेच बनू लागली आणि आपल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर 'जीप' म्हटलं की तीच येते. बोनेट उंच का, तर विलीजने तिच्यात बसवलेलं नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, जुन्या बोनेटखाली मावेना. त्याच घराण्यातून 2010 मध्ये थार आली: बाहेरून जुनी जीप, आत 2.5 लिटरचं सीआरडीई, 105 हॉर्सपॉवर आणि 247 न्यूटन मीटर टॉर्क. पुढे डिस्क ब्रेक, मागच्या अ‍ॅक्सलला पाट्यांच्या स्प्रिंगा. 2019 मध्ये 'थार 700' ही 700 गाड्यांची शेवटची आवृत्ती काढून कंपनीने त्या पिढीचा निरोप घेतला. 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आलेली थार नाशिकलाच बनते, पण ती मनाने आजची मोटार आहे. एसी, टचस्क्रीन, पुढे तोंड करून बसायची मागची सीट. दुसरा पर्याय फोर्सची गुरखा. आकुर्डीची ही कंपनी पूर्वी बजाज टेम्पो होती. गुरखाचं रूप सरळ जुन्या मर्सिडीज जी-वॅगनवरून उचललेलं, आणि 2024 पासून तिला 2.6 लिटरचं 140 हॉर्सपॉवरचं डिझेल मिळालंय. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना डिफरन्शिअल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारे) कंपनीतूनच येतात, ही चैन या किमतीत दुसरीकडे नाही.

दुसरी वाट: आरसी बुक असलेली खरी जुनी महिंद्रा घ्यायची आणि सावकाश नीट करत न्यायची.

तिसरी वाट: गॅरेजमध्ये शून्यातून उभी केलेली 'नवी' जीप. हरियाणात सिरसा जिल्ह्यात, पंजाबच्या सीमेला चिकटून मंडी डबवाली नावाचं गाव आहे. जीप बनवण्यासाठी ते देशभर ओळखलं जातं. लष्कराच्या लिलावातले अ‍ॅक्सल, नवा ठोकलेला पत्रा, हवं ते इंजिन, हवा तो रंग. तिथल्या कारागिरांचा हात बघून थक्क व्हायला होतं. अडचण त्यांच्या हाताची नाहीच, ती कागदाची आहे.

नवख्याला माझा सल्ला: पहिलीच गाडी असेल तर 2010 ते 2019 मधली वापरलेली थार सीआरडीई शोधा. जुनं रूप, नवं इंजिन आणि स्वच्छ कागद हे तिन्ही एकत्र तिथेच मिळतं. फक्त मॅट उचलून फ्लोअरचा गंज बघा आणि गाडीखाली एकदा स्वतः झोपा.

तरीही दुसऱ्या-तिसऱ्या वाटेने जायचंय? मग पुढचं वाचा.

कागद

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण पैसे बुडतात ते इथे.

1 एप्रिल 2020 पासून देशात नवी गाडी रजिस्टर व्हायची तर ती धुराच्या बीएस-6 नियमांत बसणारी असावी लागते. शिवाय त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी लागते आणि बनवणाऱ्याने फॉर्म 22, म्हणजे गाडी नियमांत बसते असा दाखला, द्यावा लागतो. गल्लीतल्या गॅरेजला यातलं काहीच शक्य नाही. म्हणजे काल बनवलेल्या जीपला नंबर प्लेट आहे याचा अर्थ उघड आहे: तो नंबर दुसऱ्या कुठल्या तरी जुन्या जीपचा आहे. ती जीप भंगारात गेली, तिचं आरसी बुक मागे राहिलं, त्यावर ही उभी केली.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 च्या निकालात हे आणखी घट्ट केलं. खराब झालेलं इंजिन त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या इंजिनाने आरटीओच्या मंजुरीने बदलता येतं. एमएम 540 मध्ये टोयोटाचं इंजिन टाकलं तर ते यात बसत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

विकणाऱ्यांची ठरलेली दोन उत्तरं असतात. एक, "साहेब, व्हिंटेजमध्ये पासिंग करून घ्या." 2021 चे व्हिंटेज नियम 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहेत, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेली गाडी त्यात बसतच नाही. सीआरडीई टाकलीत की तो दरवाजा बंद. दोन, "शेतात चालवायचीय ना, मग कागद कशाला?" कलम 39 मध्ये नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक जागी 'किंवा इतर कोणत्याही जागी' चालवू नये असे शब्द आहेत. शेत त्यातून सुटत नाही.

गंमत म्हणजे, अगदी याच शेताच्या वापरासाठी आपलीच जीप अमेरिकेत विकली गेली. 2018 मध्ये महिंद्राने मिशिगनमध्ये 'रॉक्सर' काढली. 2.5 लिटरचं डिझेल, 62 हॉर्सपॉवर, वेग ताशी 45 मैलांवर अडवलेला. रस्त्यावर आणायची नाही, फार्मवर चालवायची. फियाट क्रायस्लरने लगेच तक्रार केली की हा आमच्या जीपचा चेहरा आहे. 2020 मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ती मान्य केली आणि रॉक्सरला नवा चेहरा घ्यावा लागला. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आणखी एक: तिथे 2015 च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना 25 वर्षांहून जुन्या गाडीची हुबेहूब प्रतिकृती वर्षाला 325 नगांपर्यंत बनवायची मुभा आहे, अट अशी की इंजिन आजच्या धुराच्या नियमांत बसलं पाहिजे. आपल्याकडे असा वेगळा दरवाजा नाही.

तर करायचं काय? मूळ आरसी मागा, फोटो चालणार नाही. परिवहन विभागाच्या वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर नंबर टाकून मालक, इंधन, मॉडेल, फिटनेसची तारीख जुळवा. आरसीत 'पेट्रोल' आणि बोनेटखाली डिझेल असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं, पुढे नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत प्रत्यक्ष उभी करावी लागते. विकणारा ज्या घाईने विकतोय त्याचं कारण पुष्कळदा हीच तारीख असते. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

चेसिस

रॉकेलचा बोळा, तारेचा ब्रश, पेन्सिल आणि पातळ कागद. एवढं खिशात घेऊन जा.

माझ्या एका मित्रासाठी आम्ही दोघं अशीच एक जीप बघायला गेलो होतो. विकणाऱ्याने चेसिस नंबर आम्हाला मोठ्या प्रेमाने दाखवला, रंगाखालून नीट दिसत होता, आरसीशी जुळत होता. मित्र खूश. मी ब्रश मारला. रंगाचा थर निघाला तसं दिसलं की नंबराच्या आजूबाजूचा हातभर भाग गुळगुळीत आहे, बाकी चेसिसला गंजाचे बारीक खड्डे आहेत. कागद ठेवून पेन्सिल घासली तर आठ आकडे एका ओळीत आणि शेवटचे तीन केसभर खाली. "काका, हे काय?" मित्राने विचारलं. "फॅक्टरीतूनच तसं आलंय, दादा," काका म्हणाले आणि चहा सांगायला आत गेले. आम्ही चहा न घेताच निघालो. नंबर पुन्हा ठोकलेल्या गाडीचं पुढे काय होतं हे इन्शुरन्सचा दावा करायची वेळ येते तेव्हा कळतं.

नंबर ठीक असेल तर चेसिस वाकलेली आहे का बघा. सोपी पद्धत: पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून मागच्या डाव्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, मग उजवीकडे तेच करा. स्टिअरिंग सरळ हवं. बोटभर फरक दिसला तर गाडी आपटलेली आहे, किंवा अ‍ॅक्सल सरकलाय. इंजिनाच्या पायांचे वेल्डिंग बघा. दुसरं इंजिन टाकताना तिथले जुने ब्रॅकेट कापून नवे लावतात, आणि घाईचं वेल्डिंग मुंगळ्यांच्या रांगेसारखं दिसतं.

ब्रेक आणि स्टिअरिंग

विलीजच्या मूळ 'गो-डेव्हिल' इंजिनाची क्षमता 2,199 सीसी होती. आजच्या थारच्या 2.2 डिझेलची आहे 2,184 सीसी. जवळजवळ तेवढंच पोट. पण जुनं इंजिन 60 हॉर्सपॉवर आणि साधारण 142 न्यूटन मीटर द्यायचं, आजचं देतं 130 आणि 300. दुपटीपेक्षा जास्त. आता गंमत बघा: गॅरेजवाला इंजिन बदलतो, आणि त्याखाली नऊ इंची ड्रम ब्रेक तसेच ठेवतो. हे ब्रेक ताशी साठ-सत्तरने जाणाऱ्या गाडीसाठी होते. वर, मूळ जीपचा ब्रेक एकाच सर्किटचा. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो.

अशा एका जीपमधून मी वरंधा घाट उतरलो आहे, शेजारच्या सीटवर. चालवणारा तयार होता, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. तरी तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक शूचा तो जळका वास आला आणि पेडल हळूहळू खाली जायला लागलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर नव्हता म्हणून हा लेख लिहितोय. चढताना त्याच गाडीने आम्हाला केवढं खूश केलं होतं!

म्हणून नियम साधा ठेवा: इंजिन नवं असेल तर पुढे डिस्क ब्रेक, बूस्टर आणि दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर असलाच पाहिजे. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा, मग चावी मारा. पेडल किंचित खाली बसलं तर बूस्टर चालू आहे. दाबून धरलेलं पेडल मिनिटभरात आपोआप खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे.

स्टिअरिंगचा खेळ दोन बोटांपेक्षा जास्त नको. ट्रायल घेताना पन्नासच्या आसपास एखादा खड्डा मुद्दाम घ्या. पुढची चाकं थडथड नाचायला लागली आणि थांबेनात, तर किंगपिनचे बेअरिंग आणि टाय रॉडचे बॉल जॉइंट गेलेत. विकणारा म्हणेल, "व्हील बॅलन्सिंग केलं की जाईल." जात नाही.

अ‍ॅक्सल आणि फोर बाय फोर

गाडीखाली जाऊन मागच्या अ‍ॅक्सलचा गोळा बघा. विलीज घराण्यात तो मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, कारण ट्रान्सफर केसमधून (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणाऱ्या पेटीतून) बाहेर येणारा शाफ्ट त्या बाजूला आहे. दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स टाकताना हे गणित जुळवावं लागतं. ते न जुळवता शाफ्ट तिरका लावला असेल तर युनिव्हर्सल जॉइंट दर काही महिन्यांनी जातो आणि पन्नासच्या पुढे बुडाखाली सतत घुं घुं ऐकू येतं.

आता फोर बाय फोर टाकून बघायचं, पण डांबरावर नाही. या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नसतो. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, कोरड्या डांबरावर जुळवू शकत नाहीत. सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो, लिव्हर अडकते, कधी तुटते. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त मोडतोड याच चुकीने होते. माती किंवा वाळूचा तुकडा शोधा. हाय रेंज चालता चालता टाकता येते, लो रेंजसाठी (वेग कमी, जोर जास्त) गाडी उभी करून क्लच पूर्ण दाबा. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरला गाडी मुंगीच्या पावलाने, क्लच-ब्रेकला पाय न लावता उतारावरून उतरली पाहिजे. गिअर मध्येच उडाला तर ट्रान्सफर केस उघडायची तयारी ठेवा.

एक विषयांतर: गाडी घेतल्यावर पहिली सहल समुद्रकिनाऱ्यावर नको. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यावर बंदी असते, शिवाय भरतीत रुतलेल्या गाडीचा व्हिडिओ दर हंगामात सगळ्या महाराष्ट्राने बघितलेला असतो. खारं पाणी एकदा चेसिसच्या पोटात गेलं की ते निघत नाही. कासच्या पठारावर किंवा गडांवर चाकं चढवणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही, कारण मग लेख वेगळाच होईल. मित्राची पडीक जमीन, दोन गाड्या, दोर आणि हवा भरायचा पंप एवढ्यात सगळं शिकता येतं.

पत्रा

इथे चटकन आटपू. 16 गेजचा पत्रा म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, 18 म्हणजे सव्वा. बोटाच्या पेराने मडगार्डवर टिचकी मारत जा. आवाज अचानक बोदा झाला तिथे लांबी (पुट्टी) भरलीय, चुंबक लावला तर घसरेल. आणि रूप कुणाचं आहे ते ओळखायला शिका: समोरच्या जाळीत नऊ उभ्या फटी आणि दोन तुकड्यांची काच म्हणजे युद्धातली एमबी, सात फटी म्हणजे नंतरच्या नागरी सीजे. नऊ फटींवर उंच बोनेट दिसलं तर बनवणाऱ्याने दोन जीपांची खिचडी केलीय. त्याने गाडी वाईट ठरत नाही, फक्त 'ओरिजिनल'चे पैसे देऊ नका.

आता बोनेट उघडा

जुन्या चेसिसवर कॉमन रेल इंजिन चालवायचं तर त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर पेडल आणि तारांचा अख्खा जुडगा येतो. तो कसा बांधलाय ते बघा. काळी टेप गुंडाळलेले जोड जेवढे जास्त, तेवढ्या वेळा पावसाळ्यात गाडी रस्त्यात उभी राहणार. ईसीयू फ्लोअरवर बसवलेला असेल तर पहिल्याच ओढ्यात त्याचा निकाल लागेल. तो डॅशबोर्डच्या वर सरकवता येतो का, ते विचारा.

माझी आवड विचाराल तर जुन्या महिंद्राला तिचंच 2,523 सीसीचं डीआय डिझेल शोभतं. 63 हॉर्सपॉवर, म्हणजे मूळ विलीजच्या आसपासच, त्यामुळे अ‍ॅक्सलचा जीव जात नाही. पंप मेकॅनिकल, तालुक्याच्या कुठल्याही मिस्त्रीला उघडता येतं, आणि तुमच्या आरसीत हेच इंजिन असेल तर बदलीचा प्रश्नही सरळ सुटतो. ताशी ऐंशीच्या पुढे ते किंचाळतं, पण छत कापडाचं असलेल्या गाडीत ऐंशीच्या पुढे कुणाला जायचंय?

इंजिन नंबर आरसीशी जुळवा, त्यालाही ब्रश लावा. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण हळूच सैल करा. धूर भकाभका वर आला आणि झाकण नाचायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा संपल्यात. रेडिएटर मूळ जीपचाच ठेवला असेल तर मोठ्या इंजिनाला तो पुरणार नाही, एखाद्या चढावर दहा मिनिटं लो रेंज चालवून काटा बघा.

आणि हे सगळं करायच्या आधी, पोचल्या पोचल्या, बोलता बोलता बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवलेली आहे, म्हणजे इंजिन थंड असताना ती कशी उठते ते तुम्हाला दिसू द्यायचं नाही. अशा वेळी गडबड करू नका. गावात एक चक्कर मारा, मिसळ खा, दोन-तीन तासांनी परत या आणि मग चावी स्वतःच्या हाताने फिरवा.